जन्म-मृत्यूच्या वहीतील एक रकाना

2023 साली मराठवाड्यातील कचेऱ्यांत जुनी दप्तरे उपसली जाऊ लागली, हे आपण सर्वांनी पाहिले. अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या कागदांत 'कुणबी' हा शब्द शोधणे सुरू झाले. मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला! जे कागद धुंडाळले गेले त्यांत जन्म-मृत्यूची वहीही होती. कोतवालाने वर्दी द्यावी आणि वहीत चढावे की अमक्याला मुलगा झाला, अमकी वारली, जात अमुक. सरकारला त्या वहीतून पटकीने आणि देवीने किती माणसे गेली हे मोजावयाचे होते. पणतवाच्या दाखल्याचा विचार लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

आज या वहीत जात लिहितात काय? नाही. 1969 च्या कायद्याखाली जो फॉर्म भरला जातो, त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागावरून दाखला मिळतो. दुसरा केवळ आकडेवारीसाठी वेगळा काढून वर पाठवितात. मृत्यूच्या फॉर्मात या दुसऱ्या भागात धर्म विचारतात, व्यवसाय विचारतात. गेलेला माणूस विडी ओढीत होता का, तंबाखू-सुपारी खात होता का, दारू पीत होता का, आणि किती वर्षे, हेही विचारतात. जात मात्र विचारीत नाहीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कामगारांच्या वारसांबरोबर भरपाईचे कागद करता करता हे फॉर्म मला पाठ झाले. व्यवसायापुढे बहुधा एकच शब्द असतो, 'मजूर'. तो भट्टीवर होता की गटारात, हे वहीला कळतच नाही.

मरण सर्वांना सारखेच, हे कीर्तनात शोभते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वर्षाच्या आत दगावणारी बालके अनुसूचित जाती-जमातींत हजारी सुमारे 41 निघाली. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत सुमारे 28. पण ही निवडक घरांत जाऊन केलेली पाहणी आहे. सबंध देशाचा अंदाज तिच्यातून मिळतो. एका तालुक्याचा मिळत नाही. तालुक्याचे उत्तर ज्या वहीत असावयाचे, तिच्यात तो रकानाच नाही.

आपल्या करमाडजवळच 8 मे 2020 च्या पहाटे रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून पायी निघालेली, मध्यप्रदेशातील शहडोल-उमरियाकडची ती माणसे. त्यांत बरेच आदिवासी होते, असे वर्तमानपत्रांतून आले. कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडतो तेथेच नोंदला जातो. म्हणजे मरण इकडच्या हिशेबात, माणूस तिकडचा, आणि जमात कोणत्याच हिशेबात नाही.

तरी रकाना घाला म्हटले की भय वाटते, आणि ते खोटे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात 1924 च्या वंशशुद्धीच्या कायद्यानंतर वॉल्टर प्लेकर या निबंधकाने तेथील मूळ इंडियन लोकांना जन्मनोंदीत 'कृष्णवर्णीय' ठरवून कागदावरून जवळजवळ पुसून टाकले. म्हणून माझे मत असे की, जात लिहावी ती घरच्यांनी सांगितली तीच. कारकुनाने आडनावावरून ताडू नये. आणि लिहावी ती दुसऱ्या भागात, दाखल्यावर नव्हे.

नुसता रकाना घालूनही भागत नाही. 1921 साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्यांची बालके हजारी 828 दगावली, चार किंवा अधिक खोल्यांत राहणाऱ्यांची 133. खोल्या मोजल्या म्हणून चाळीतले सत्य उजेडात आले. पण बाळंतपणाला बायका गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई, मूल मुंबईत दगावे. त्यामुळे 828 हा आकडा फुगलेला होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडेही आहेच.

भागाकाराला वर मृत्यू हवेत आणि खाली माणसे. खालचा आकडा आता मिळावयाचा आहे. 1931 नंतर प्रथमच जनगणनेत सर्वांची जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी घेतला. वरचा आकडा ज्या फॉर्मातून यावयाचा, तो मात्र अजून विडी-सुपारीच विचारीत आहे.