एका गाठीमागें किती वीज?

कारंजा लाड हें वऱ्हाडांतील कापसाच्या जुन्या पेठांपैकीं एक. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारा अरुंद लोहमार्ग मुख्यतः कापूस वाहण्यासाठींच घातला गेला, आणि तो कारंज्यावरून गेला. त्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन धांवत होतें. जिनांतील वाफेची जागा तर विजेच्या मोटारीनें केव्हांच घेतली. इंधन बदललें, कारखानदारापुढील प्रश्न मात्र तोच राहिला. १७० किलोची एक गाठ बांधावयास शक्ति किती खर्ची पडते?

घरीं विजेचें बिल उतरलें म्हणजे वीज वांचली असें गृहस्थ समजतो, आणि तें बहुधा खरें असतें. कारखान्यांत हा न्याय चालत नाहीं. हिशेबाच्या सोयीसाठीं समजा, एका जिनिंग-प्रेसिंगमध्यें डिसेंबरांत २,००० गाठी झाल्या व १,१०,००० युनिटें खर्चलीं. मार्चांत कापूस आटला, गाठी ८०० झाल्या व युनिटें ६२,००० लागलीं. बिल जवळजवळ निम्म्यावर आलें म्हणून मालक संतुष्ट. पण भागाकार केला कीं डिसेंबरांत गाठीमागें ५५ युनिटें पडलीं आणि मार्चांत साडेसत्त्याहत्तर!

मग यंत्रें बिघडलीं काय? मुळींच नाहीं. दोन महिन्यांत फरक १,२०० गाठींचा व ४८,००० युनिटांचा; म्हणजे प्रत्येक वाढत्या गाठीस खरोखर ४० युनिटेंच लागतात. उरलेलीं ३०,००० युनिटें दरमहा गाठी होवोत न होवोत, जातातच. रुई ओढणारे पंखे फिरत असतात, प्रेसचा पंप चालू असतो, कपास संपलेला रेचा मोकळाच घरघरत असतो. ही रिकामी वीज बिलावर कोठेंच वेगळी दिसत नाहीं. म्हणूनच मार्चांतला आंकडा पाहून चांगल्या मोटारी बदलावयास निघणारा मालक औषध भलत्याच दुखण्यावर देतो.

त्याच ८०० गाठी डिसेंबरच्या वेगानें, रोज ८० प्रमाणें, दहा दिवसांत काढल्या तर? महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरल्यास रिकामी वीज रोजची १,२०० युनिटें. दहा दिवसांचीं १२,०००, आणि गाठींचीं ३२,०००. एकूण ४४,०००. अठरा हजार युनिटें वांचलीं. कागदावर हें फार गोड दिसतें. पण तोंवर कपाशीचे ढीग आवारांत सांभाळावे लागतात, ठिणगीचें भय असतें, आणि मजुरांचे पंधरा रोज बुडतात. मोजमाप निर्णय करीत नाहीं. निर्णयाची किंमत तेवढी उघड करतें.

अर्थात् दोन महिन्यांच्या आंकड्यांवर एवढा भरंवसा ठेवणें धाडसाचें. कोरडी रुई दाबावयास जड जाते, ओलसर कपास रेच्यांत अडतो. यासाठीं पाळीपाळीची नोंद हवी. आणि रेचे, पंखे व प्रेस यांना निरनिराळे मीटर असल्यास उत्तम. जनित्र चालत असेल तर आणखी एक सावधगिरी : एक लिटर डिझेलांत सुमारें १० युनिटांइतकी उष्णता असते, पण वीज म्हणून हातीं येतात तीन-साडेतीन युनिटें. कोणता आंकडा धरला तें वहींत लिहिलें नाहीं तर सारी बेरीज फसवी.

नियमित नोंदीचें बळ इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यानें फार पूर्वीं दाखविलें. तेथील खाणींचें पाणी उपसणाऱ्या इंजिनांनीं ठराविक कोळशांत किती पाणी किती उंच चढविलें, याचे तक्ते जोएल लीन याच्या देखरेखीखालीं १८११ पासून दरमहा निघूं लागले. शेजारच्या खाणीचा आंकडा पाहून प्रत्येक इंजिनियर ईर्ष्येस पेटला, आणि तीसएक वर्षांत त्याच कोळशावर सरासरी काम तिपटीहून अधिक होऊं लागलें.

भारतांत २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, आणि २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना दर टन मालामागें ऊर्जेचें लक्ष्य ठरवून देण्यांत आलें. कापडधंद्यांत त्यासाठीं वार्षिक खर्चाची मर्यादा ३,००० टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेची, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी युनिटांची धरली गेली. वर कल्पिलेलें जिन त्या मर्यादेच्या पासंगासही पुरत नाहीं. त्याला हिशेब मागावयास कोणी सरकारी अधिकारी येणार नाहीं. पाळी संपतांना मीटरचा आंकडा आणि गाठींची संख्या एका ओळींत मांडण्याचें काम तेथील मुनीमानेंच करावयाचें आहे.