परक्या अंगाईला यंत्रांचा ठेका

एरिक मुके आणि मिशेल सांचेझ या फ्रेंच संगीतकारद्वयाने १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' ही आपली पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचे प्रमुख वाद्य होते सॅम्पलर. म्हणजे, कोणताही ध्वनी अंकरूपाने साठवून, पट्टी दाबताच तो हव्या त्या स्वरात व हव्या तितक्या वेळा ऐकविणारे यंत्र. मध्य आफ्रिकेतील पिग्मींचे गायन आणि नृत्यगृहातील ठेका यांचा संयोग त्यांनी साधला खरा. परंतु त्यातील ज्या 'स्वीट ललबाय' रचनेने त्यांना कीर्ती दिली, तिचा मूळ स्वर आफ्रिकेचा नव्हेच. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांपैकी मलाइता येथील अफुनाक्वा नामक स्त्रीने गायिलेली, पोरक्या धाकट्या भावाची समजूत घालणारी ती अंगाई ह्यूगो झेम्प या संशोधकाने १९७०च्या सुमारास ध्वनिमुद्रित केली होती. त्या निराधार स्वराखाली कळफलकाचे दीर्घ सूर पसरतात, तालयंत्र आपला अढळ ठेका धरते, आणि शोकाचे रूपांतर नकळत पदन्यासात होते; हे रूपांतर मोहक आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे ध्वनिमुद्रण वापरण्याच्या परवानगीच्या प्रश्नावर झेम्प यांनी पुढे जाहीर तक्रार केली. गायिकेच्या हक्काची नोंद मात्र कोणत्या दप्तरी व्हावयाची? नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी तर १९९६ साली हीच चाल 'पिग्मी ललबाय' या शीर्षकाने वाजविली. त्याच वर्षी मुके-सांचेझ द्वयाच्या, पूर्व युरोपीय गायनावर आधारलेल्या 'बोहेम' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.