कामांचा क्रम

“कामे पुष्कळ आणि वेळ थोडा,” ही तक्रार विद्यार्थ्यांच्या मुखातून आम्हांस नित्य ऐकावयास मिळते. तक्रार खोटी नाही. परंतु मनुष्य कामाने जितका थकतो, त्याहून अधिक तो सर्व कामे एकदम मनात वागविल्याने थकतो. हातून एका वेळी एकच काम होते. मन मात्र दहा कामांचा भार वाहत असते. म्हणून कोणते काम आधी करावे व कोणते मागून, याचा थोडा विचार येथे करू.

पहिला धडा आपल्या मोलगीच्या परिसरातच मिळतो. फाल्गुन-चैत्रात सातपुड्यात मोहाची फुले गळतात. ती रात्री व पहाटे पडतात. वेळेवर वेचली नाहीत तर गुरे-शेळ्या खाऊन टाकतात. म्हणून घरची मंडळी उजाडताच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. सरपण आणावयाचे ते मागाहून. पुढे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी आमचुरासाठी उन्हात वाळवितात. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे लागते, कारण भिजलेल्या फोडी खराब होतात. सारांश, ज्या कामाची वेळ टळून जाते ते आधी, हा नियम आपल्या वाडवडिलांस घड्याळावाचून ठाऊक होता.

परंतु एवढ्या एका नियमाने भागत नाही. दहावीची शालान्त परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्याच दिवसांत मोह गळू लागतो, भोंगऱ्या बाजार भरतात आणि काठीच्या राजवाडी होळीची तयारी सुरू होते. मोहाचे फूल रोज सकाळी हाक मारते. बीजगणित हाक मारीत नाही. आज फुले राहिली तर नुकसान आजच दिसते. आज उदाहरणे राहिली तर ते निकालाच्या दिवशी दिसते. म्हणून मुकाट्याने वाट पाहणारे काम नेहमी मागे पडते, आणि कित्येकदा आयुष्याचे हित त्याच कामात असते.

हा भेद थोरांसही जाणवलेला आहे. सन 1954 मध्ये अमेरिकेतील इव्हॅन्स्टन येथे ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागतिक परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथील भाषणात त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा विचार सांगितला. तो असा की, निकडीची कामे महत्त्वाची नसतात आणि महत्त्वाची कामे कधीच निकडीची नसतात. आपल्याकडील मोह मात्र निकडीचाही आहे आणि घरखर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचाही. तेव्हा तो सोडा, असे आम्ही कोणास सांगणार नाही.

मग करावे काय? रात्री निजण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर उतरवावी व त्यांचे तीन भाग करावे. उद्याच न केल्यास वाया जाणारी कामे पहिल्या भागात, वाट पाहणारी पण मोलाची दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात. पहिल्या भागातील कामे त्यांच्या वेळी करावी. दुसऱ्यातील एकच काम निवडून त्यास ठराविक तास द्यावा. पहाटे फुले वेचणाऱ्या मुलाने, उदाहरणार्थ, शाळा सुटल्यावर दिवस मावळण्यापूर्वीचा एक तास गणितास द्यावा, आणि तो तास घरच्या वडीलधाऱ्यांस आधीच सांगून ठेवावा. म्हणजे त्या वेळी ते त्यास दुसरे काम सांगणार नाहीत. तिसऱ्या भागातील कामे वेळ उरल्यास करावी, न उरल्यास खुशाल उद्यावर टाकावी.

यादी लहान ठेवावी, हेही महत्त्वाचे. वीस कामे लिहून पाच करणारा खिन्न मनाने निजतो. चार लिहून चार करणारा समाधानाने निजतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने उठतो.

पालकांसही आमची एक विनंती आहे. परीक्षेच्या महिन्यात मुलामुलींचा तो एक तास त्यांच्याकडेच राहू द्यावा. विशेषतः मुलींचा, कारण पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची देखभाल यांत त्यांचा तास प्रथम जातो. मोह पुढल्या वर्षी पुन्हा गळेल. दहावीत मागे पडलेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच, याचा भरवसा नसतो.