पुष्करची यात्रा आणि उंटांचा बाजार

पंढरीच्या कार्तिकी यात्रेला जसा जनावरांचा बाजार भरतो, तसाच तो राजस्थानात अजमेरजवळच्या पुष्करलाही भरतो. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत तेथील सरोवराच्या ५२ घाटांवर भाविक स्नान करतात व ब्रह्मदेवाचे दर्शन घेतात. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या लहानशा गावाला यात्रेइतकाच उंटांच्या खरेदी-विक्रीचाही आधार असे.

तो आधार आता खचत चालला आहे. नांगराला आणि गाड्याला जुंपल्या जाणाऱ्या उंटाची जागा ट्रॅक्टर व जीपगाडीने घेतली. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे ३ लाख २६ हजार उंट होते. २०१९ मध्ये ते २ लाख १३ हजारांवर आले. २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान मिळाला. २०१५ च्या कायद्याने त्याच्या कत्तलीस बंदी झाली व परराज्यात नेण्यावरही निर्बंध आले. हेतू रक्षणाचा होता. परंतु गिऱ्हाईक आटले, भाव उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारे रायका आपले कळप मोडू लागले.

गाव मात्र ओस पडले नाही. धर्मशाळांच्या शेजारी पर्यटकांसाठी हॉटेले उभी राहिली. भोवतालच्या मळ्यांतील गुलाब, गुलकंद व गुलाबपाणी दूरवर जाऊ लागले. उंटही पाहुण्यांना वाळूतून फिरवू लागला. पण अशा फेरीवर थोडेच उंट पोसले जातात. उंटिणीच्या दुधाला व उंटाच्या लोकरीला बारमाही बाजार मिळाला, तरच रायकांच्या घरची चूल पेटती राहील आणि यात्रेकरूला पुष्करच्या वाळूत उंटांचे तांडे दिसत राहतील.