कोशिंबिरीच्या बागेसाठी वाणांची निवड

मुळ्याचे बी पेरले, पाला हातभर वाढला, आणि उपटून पाहावे तो खाली करंगळीएवढे मूळ, ही तक्रार परसबागेची हौस असणाऱ्या मंडळींकडून वरचेवर ऐकू येते. दोष कधी खताला दिला जातो, कधी मातीला, तर कधी बी विकणाऱ्या दुकानदाराला. पुष्कळदा यांपैकी कोणाचाच अपराध नसतो. थंडीत पोसणाऱ्या मुळ्याचे बी ऐन उन्हाळ्यात पेरले गेलेले असते, एवढेच. मुळा हे नाव एक. परंतु त्या नावाखाली निरनिराळ्या ऋतूंत नांदणारे अनेक वाण आहेत. जे मुळ्याचे, तेच गाजराचे, काकडीचे आणि कांद्याचे. म्हणून घरच्या बागेत काय लावावे हा प्रश्न तितकासा अवघड नाही. त्यातले कोणते लावावे, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न कोशिंबिरीच्या भाज्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. शिजवून खावयाच्या भाजीतले पुष्कळसे दोष फोडणी आणि मसाला झाकून टाकतात. कोशिंबीर, पचडी, घोळाणा हे पदार्थ चुलीवर चढत नाहीत. काकडीचा कडवटपणा, मुळ्याचा जाळ, गाजराचा राठपणा यांपैकी काहीच त्यांत लपत नाही. फवारलेल्या औषधाचा अंशही तसाच पानात येतो. तेव्हा रोगाला सहजासहजी बळी न पडणारा वाण निवडणे, ही घरातल्या मुलाबाळांच्या आरोग्याशी निगडित असलेली गोष्ट आहे.

येथे बाजाराची कसोटी आणि घरची कसोटी यांतला भेद ध्यानात घ्यावा. बाजारासाठी पिकविणाऱ्याला असे फळ हवे असते, की जे शेकडो मैलांचा प्रवास सोसेल, एकसारख्या आकाराचे असेल आणि एकाच वेळी तोडणीस येईल. घरच्या बागेतून स्वयंपाकघरापर्यंतचे अंतर वीस पावलांचे. तेथे साल पातळ असली तरी चालते, किंबहुना तीच हवी असते. एकाच आठवड्यात दहा किलो टोमॅटो पिकण्यापेक्षा दोन महिने रोज चार मिळणे सोयीचे. म्हणून शेतकऱ्यासाठी जो वाण उत्तम, तोच आपल्यासाठीही उत्तम असे गृहीत धरू नये.

आपल्या देशातील सुधारित वाणांची नावे थोडी लक्षपूर्वक वाचली, तर त्यांतून बरीच माहिती मिळते. ‘पुसा’ हा शब्द भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा. ही संस्था १९०५ साली बिहारातील पुसा या गावी स्थापन झाली, आणि १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीस आली. गाव सुटले, नाव मात्र टिकले. ‘अर्का’ हे नाव बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे. ते अर्कावती नदीवरून पडले. ‘फुले’ हे नाव राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. नावातला पहिला शब्द अशा रीतीने वाणाचे माहेर सांगतो. वाण माहेरीच नांदतो असे नव्हे. परंतु उत्तरेच्या कडक हिवाळ्यासाठी निवडलेला वाण कोकणच्या दमट हवेत तसाच वागेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आता एकेका भाजीचा विचार करू. मुळ्याच्या बाबतीत पंचांग जवळ ठेवूनच बी घ्यावे. ‘पुसा चेतकी’ हा उष्णता सोसणारा वाण असून उत्तर भारताच्या मैदानात तो एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पेरता येतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत त्याचे पांढरे, मऊ मुळे तयार होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ‘जपानी पांढरा’ चांगला. तो लांब, बोथट टोकाचा आणि कमी तिखट असतो. मात्र त्याला साठ दिवस द्यावे लागतात. त्यानंतरच्या, म्हणजे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या पेरणीसाठी ‘पुसा हिमानी’ हा वाण आहे. ज्यांच्यापाशी केवळ दोन-चार कुंड्या आहेत, त्यांनी हिवाळ्यात लिंबाएवढा गोल लाल विलायती मुळा लावावा; तो महिन्याभरात तयार होतो आणि त्याला खोल मातीही लागत नाही. मुळा कोणताही असो, तो वेळेवर काढावा. जमिनीत राहिला की आतून भेंडाळतो. एखाददुसरे झाड मात्र मुद्दाम फुलू द्यावे. त्याच्या कोवळ्या डिंगऱ्यांची कोशिंबीर मुळ्याच्या कोशिंबिरीइतकीच रुचकर होते.

गाजराची दोन घराणी आहेत. एक आशियाई, दुसरे युरोपीय. आशियाई गाजरे लांब, रसाळ, बहुधा लाल असतात; ती थोडी उष्णता सोसतात आणि त्यांचे बी मैदानी प्रदेशातही धरते. त्यांची पेरणी ऑगस्टपासून सुरू करता येते. युरोपीय घराण्यातले ‘नॅन्टीस’ हे गाजर नारिंगी, बोथट टोकाचे आणि आतला दांडा बारीक असलेले असते. किसून कोशिंबीर करावयास ते फार चांगले. पण त्याला थंडी हवी, म्हणून ते ऑक्टोबरच्या आधी पेरू नये. त्याचे बी धरण्यास तर कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती आपल्या मैदानात मिळत नाही. म्हणून ते बी डोंगराळ मुलखातून येते. या दोन घराण्यांचा संकर करून दिल्लीच्या संस्थेने ‘पुसा केसर’ हा लाल वाण सिद्ध केला. त्याच संस्थेचा ‘पुसा मेघाली’ नारिंगी असूनही उष्ण हवेत येतो. लाल गाजराचा रंग लायकोपीनचा, नारिंगीचा कॅरोटिनचा, आणि काळ्या ‘पुसा आसिता’चा रंग जांभळात असतो त्या जातीच्या द्रव्याचा. तिन्ही रंग एका वाडग्यात आले, तर शोभा आणि पोषण दोन्ही साधतात.

काकडीत महाराष्ट्राची स्वतःची मिळकत आहे. ‘पूना खिरा’ हे नाव देशभर परिचित आहे. त्याची फळे आखूड, फिकट हिरवी, आणि जून झाल्यावर तांबूस-तपकिरी होतात. राहुरीचा ‘हिमांगी’ हा पांढऱ्या फळांचा वाण आहे. जोराच्या पावसाच्या कोकणपट्टीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘शीतल’ हा वाण दिला. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी ‘जपानी लांब हिरवी’ लावावी. काकडी कडू होण्यास वाणाचा स्वभाव काही अंशी कारणीभूत असतो, तशीच उष्णता आणि पाण्याची ओढही. ज्या वेलीला एक दिवस भरपूर आणि दोन दिवस मुळीच पाणी मिळत नाही, तिची फळे कडवटतात. शहरांतील उंच इमारतींच्या गच्चीवर आणखी एक अडचण येते. तेथे मधमाश्या फिरकत नाहीत, फुले येतात आणि गळून जातात. अशा ठिकाणी परागीकरणावाचून फळ धरणारे, बिनबियांचे वाण मिळतात, ते घ्यावेत. मात्र उघड्या बागेत, जेथे मधमाश्या आहेत, तेथे त्यांचे प्रयोजन नाही.

टोमॅटोच्या झाडांचे वाढीवरून दोन प्रकार पडतात. काही झाडे ठरावीक उंचीवर थांबतात आणि त्यांची फळे थोड्या दिवसांत आटोपतात; काही वेलीप्रमाणे वाढत राहून दीर्घकाळ फळे देतात. कुंडीसाठी पहिला प्रकार बरा, वाफ्यात काठी रोवून दुसरा. जुना ‘पुसा रूबी’ लवकर फळास येतो. त्याची फळे आंबट व रसाळ असल्याने सारासाठी उत्तम, पण कोशिंबिरीत त्याला पाणी फार सुटते. कोशिंबिरीला ‘अर्का सौरभ’सारखा जाड गराचा वाण बरा. राहुरीचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे वाण महाराष्ट्राच्या हवेत रुळलेले आहेत. पाने आकसून झाड खुरटविणारा विषाणुरोग, झाड एकाएकी कोमेजविणारा मररोग आणि पानांवरचा करपा या तिन्हींना दाद न देणारा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण आहे. औषधाची फवारणी टाळावयाची असेल, तर त्याचा अवश्य विचार करावा. दिवसाचे उष्णमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि रात्रीही तापू लागल्या, की बहुतेक वाणांची फुले गळतात. म्हणून नागपूर, हैदराबाद किंवा दिल्ली येथे मे महिन्यात फळ धरत नाही याचे वैषम्य वाटू देऊ नये.

कांद्याचे गणित उष्णतेइतकेच दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिवस विशिष्ट तासांचा झाला म्हणजेच कांदा पोसू लागतो. काही वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो, तर काहींना तेरा-चौदा तासांचा लागतो. जूनमध्ये मुंबईचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर दिल्लीचा जवळजवळ चौदा तासांचा असतो. हिवाळ्यात याच्या उलट. थंड देशांतून हौसेने आणलेले कांद्याचे बी आपल्याकडे नुसती पात देते, त्याचे रहस्य यातच आहे. नाशिक जिल्ह्यात निवडलेला ‘एन-५३’ हा खरिपाचा कांदा. ‘एन-२-४-१’ हा रब्बीचा, आणि तोच साठवणीत टिकतो. ‘बसवंत-७८०’ला पिंपळगाव बसवंतचे नाव मिळाले आहे. कच्चा खाण्यास अलिबागचा पांढरा कांदा गोड, कमी तिखट. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जागा अगदी थोडी असेल, तर कांदा पोसण्याच्या भानगडीत न पडता पातीसाठी दाट लावावा.

पानांच्या भाज्यांत लेट्यूस सर्वांत नाजूक. तीस अंशांवरील उष्णतेत त्याचे बी रुजतच नाही. ओल्या कापडात गुंडाळून दोन दिवस शीतपेटीत ठेवल्यास ते जागे होते. बी मातीत खोल पुरू नये, कारण त्याला प्रकाश लागतो. ‘ग्रेट लेक्स’सारखे गड्डा धरणारे वाण थंड प्रदेशातच साधतात, मैदानात ‘चायनीज यलो’सारखे सुट्या पानांचे वाण लावून बाहेरची पाने खुडीत राहावे. उष्ण हवेत तुरा निघाला की पाने कडू होतात. घोळाण्यासाठी साधी मेथी तीन आठवड्यांत तयार होते. कसुरी मेथी सावकाश वाढते, तिला थंडी मानवते आणि ती पुनःपुन्हा कापता येते. बीटमध्ये ‘डेट्रॉइट डार्क रेड’ आतून एकसारखा गडद निघतो. तथापि तोही उष्णतेत पेरल्यास आत पांढरी वलये धरतो. बीटचे एक बी म्हणजे वस्तुतः अनेक बियांचा झुबका असतो, म्हणून त्याची विरळणी करण्यास आळस करू नये.

वाण ठरल्यावर बियांची पुडी नीट वाचावी. वाणाचे नाव, उगवणशक्तीचे शेकडा प्रमाण आणि चाचणीचा दिनांक या तीन गोष्टी पाहाव्यात. ज्या पुडीवर नुसते ‘उत्तम मुळा’ असे लिहून सुरेख चित्र छापले आहे, तिच्यावरून काहीच कळत नाही. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते. टोमॅटोचे कोरड्या जागी तीन-चार वर्षे टिकते.

संकरित की सरळ, हाही प्रश्न विचारला जातो. संकरित वाण जोमदार असतो, परंतु त्याचे बी धरून पुन्हा पेरल्यास पुढची पिढी एकसारखी निघत नाही. दर वर्षी नवी पुडी घ्यावी लागते. सरळ वाणाचे बी मात्र आपलेच राहते. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून सरळ टोमॅटोचे बी घरी धरणे सर्वांत सोपे. काकडी आणि मुळा यांचा शेजारच्या वाणाशी सहज संकर होतो. त्यांचे बी धरावयाचे असेल, तर त्या ऋतूत बागेत त्या पिकाचा एकच वाण असावा, आणि जवळपास दुसरा नसावा.

मराठी कुटुंबे आज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशी सर्वत्र विखुरलेली आहेत. गावाकडून येताना बियांची पुरचुंडी आणण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि ती चांगलीही आहे. पण बी आणता येते, हवा आणता येत नाही. बंगळूरच्या सौम्य हवेत बहुतेक भाज्या दीर्घकाळ येतात. दिल्ली-ग्वाल्हेरकडे हिवाळा हाच कोशिंबिरीचा राजा. कोकणात पावसाळ्यात काकडी आणि भात निघाल्यावर पांढरा कांदा. तेव्हा पहिल्या वर्षी प्रत्येक भाजीचे दोन वाण घ्यावेत, एक ओळखीचा आणि एक त्या प्रदेशात रुळलेला. ते शेजारी शेजारी लावावेत, आणि पेरणीची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख व चव यांची वहीत नोंद करावी. तीन वर्षांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक भरवशाची होईल. कारण पुस्तक सर्व देशासाठी लिहिलेले असते, आणि वही केवळ आपल्या अंगणासाठी.