घोणस देते खो!

कोकण म्हटलं, की भातखाचरं आली, उंदीर आले आणि उंदरांमागून घोणसही आली. घोणस चावली तर जिवाशी गाठ. पण तिच्याच विषाने एकेकाळी माणसाचं वाहतं रक्त थांबवलं होतं, हे ठाऊक आहे?

जांभ्यावर आपटून गुडघा फुटला, की थोड्या वेळाने रक्त आपोआप थांबतं. कसं? रक्तात काही खास प्रथिनं असतात. डॉक्टर त्यांना ‘फॅक्टर’ म्हणतात आणि नंबराने ओळखतात. एरवी ती खो-खोतल्या गड्यांसारखी गप्प बसलेली असतात. जखम झाली, की एक उठतो, दुसऱ्याला खो देतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी फायब्रिनचे धागे विणले जातात आणि जखमेचं तोंड बंद.

यात नववा गडी आठव्याच्या मदतीने दहाव्याला खो देतो. काही मुलांच्या रक्तात आठवा जन्मापासूनच नसतो किंवा फार कमी असतो. हा हिमोफिलिया ए. नवव्याची उणीव असेल, तर हिमोफिलिया बी. या मुलांचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते थांबायला फार वेळ लागतो. कधी तर बाहेर ओरखडाही नसतो आणि गुडघ्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त साचतं. गुडघा टम्म सुजतो, गरम लागतो, पाय टेकवत नाही. अशा मुलाला कुणी ‘नाटकं करतो’ म्हटलं, की मला फार वाईट वाटतं.

आता घोणशीकडे वळू. 1934 साली इंग्लंडमध्ये डॉ. मॅकफार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले बर्जेस बार्नेट वेगवेगळ्या सापांची विषं रक्तावर तपासत होते. हिमोफिलियाच्या रक्तात घोणशीच्या विषाचा अगदी पातळ द्रव मिसळला आणि ते चक्क गोठलं! मग हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर तो वरून लावून रक्त थांबवलं गेलं. कारण हे विष थेट दहाव्यालाच खो देतं. आठवा-नववा नसले तरी अडत नाही.

मग घोणस चावल्यावर रक्त का वाहत राहतं? तेव्हा विष अंगभर पसरून जिथेतिथे खो देत सुटतं. गोठायला लागणारा माल संपतो आणि खरी जखम उघडी राहते. म्हणूनच सर्पदंशाच्या रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं असेल, तर लगेच प्रतिविष. साप चावला तर मांत्रिक नाही, तडक दवाखाना!

हिमोफिलिया संसर्गाने होत नाही. तो बहुधा आईकडून एक्स गुणसूत्रातून येतो. मुलाकडे एक्स एकच, म्हणून तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो. घराण्यात कुणालाच नसतानाही तो होऊ शकतो, त्यामुळे आईला बोल लावण्यात काहीच अर्थ नाही. व्हॉन विलेब्रँड नावाचा रक्तस्रावाचा आजार मात्र मुलींनाही तितकाच होतो.

हिमोफिलियावर उपचार म्हणजे कमी असलेला फॅक्टर शिरेतून देणं. आता हिमोफिलिया ए साठी एमिसिझुमॅब नावाचं औषध कातडीखाली टोचता येतं. ते आठव्याच्या जागी उभं राहून नवव्याला दहाव्याजवळ आणतं. पुढचा खो नववा देतो.