सामाईक ओढा

ज्या वाड्यांत दोन भावांची वाटणी झाली आहे, तेथील मंडळींना पन्हळीचें भांडण समजावून सांगावयास नको. थोरला आपल्या छपराचें पाणी पन्हळ लावून बाहेर काढतो. तें धाकट्याच्या अंगणांत पडतें. धाकटा उंबऱ्यापाशीं वीतभर बांध घालतो. मग तेंच पाणी थोरल्याच्या मागीलदारीं शिरतें. आपापल्या परीनें दोघांनींही शहाणपणच केलेलें असतें! एका ओढ्याच्या कांठच्या तीन गांवांवर हाच प्रसंग आला, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

हा ओढा अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यास आहे. त्याचें नांव सॅन फ्रान्सिस्कीटो. आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलगे, लेकी, सुना याच भागांत नोकरीनिमित्त राहतात. तेव्हां पालो आल्टो हें गांवाचें नांव वाचकांच्या कानांवरून गेलें असेलच. ओढा डोंगरांतून निघून उपसागरास मिळतो. तिकडे पाऊस हिवाळ्यांत पडतो. मी दोन वर्षांपूर्वीं कन्येकडे गेलों होतों तो उन्हाळा होता; पात्रांत गोटे आणि पालापाचोळा यांवांचून कांहीं दिसेना. याच्यासाठीं एवढा खटाटोप कां, असें क्षणभर मनांत आलें.

पण हा ओढा म्हणजे दोन जिल्ह्यांची शीव आहे. दक्षिण तीरावर सांता क्लारा जिल्ह्यांतील पालो आल्टो. उत्तर तीरावर सान मातेओ जिल्ह्यांतील मेन्लो पार्क, आणि खालीं मुखाजवळ ईस्ट पालो आल्टो. नांवावरून हें तिसरें गांव पहिल्याचीच एखादी पेठ वाटेल. परंतु त्याची नगरपालिका १९८३ पासून स्वतंत्र आहे, जिल्हा निराळा आहे, आणि सांपत्तिक स्थिति तर फारच निराळी. संस्कृतांत ‘सेतु’ या एकाच शब्दाचे पूल, बांध आणि सीमा असे तिन्ही अर्थ होतात. वर्गांत हा शब्द शिकवितांना मुलें हंसत. या ओढ्यावर मात्र ते तिन्ही अर्थ एकमेकांच्या पायांत पाय घालून उभे आहेत.

१९९८ च्या फेब्रुवारींत मोठा पाऊस झाला. पालो आल्टो आणि मेन्लो पार्क यांना जोडणारा पोप-चॉसर नांवाचा एक जुना पूल आहे. त्याच्या खालची मोरी अरुंद असल्यामुळें पाणी तुंबलें, कांठ ओलांडून रस्त्यांवर आलें, आणि सुमारें १,७०० घरें-दुकानें पाण्यांत गेलीं. साहजिकच लोक म्हणूं लागले, “पूल पाडा, मोरी रुंद करा.” उपाय सरळ दिसतो, पण येथेंच खरी मेख आहे. वर मोकळें झालेलें पाणी खालीं कोणाच्या घरांत जाणार? मुखाकडील पात्र व बांध तेवढा लोंढा पेलण्याजोगे नव्हते. म्हणजे वरच्यांना बुडविणारा तो पूल खालच्यांचें एका अर्थीं रक्षणच करीत होता. श्रीमंत गांवानें आपल्या पैशानें आपला पूल सुधारावा, तर गरीब शेजारी बुडावा, असा तो पेंच.

१९९९ साली तिन्ही नगरपालिका आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पूरनियंत्रण संस्था अशा पांच भागीदारांनीं मिळून एक संयुक्त मंडळ स्थापिलें. प्रत्येकाचा एक लोकनियुक्त प्रतिनिधि त्यावर बसतो. पूर ज्यांनीं प्रत्यक्ष भोगला त्यांपैकीं बहुतेकांची वस्ती वर. तरी काम मुखापासून आरंभून वर चढत जावयाचें, असें ठरलें. हा क्रम मान्य करणें वरच्यांना सोपें गेलें नसेल.

खालच्या भागाचें काम २०१६ साली सुरू होऊन २०१८ साली पुरें झालें. मंडळ स्थापन झाल्यापासून पहिली कुदळ पडेपर्यंत सतरा वर्षें! उपसागरापासून १०१ क्रमांकाच्या महामार्गापर्यंत पात्र रुंद केलें, बांध मागें हटवून नवे घातले. त्यासाठीं पालो आल्टोनें आपल्या गोल्फच्या मैदानाची जमीन दिली. परवानग्यांना फार वेळ लागला, कारण मुखाजवळच्या दलदलींत एक दुर्मिळ पाणपक्षी व एक चिमुकला उंदीर राहतात, आणि कायद्यानें त्या दोघांनाही संरक्षण आहे. उंदरासाठीं माणसांनीं थांबावें हें मला प्रथम चमत्कारिकच वाटलें.

पुढें ध्यानांत आलें तें असें. आपल्या कोंकणांत जिला खाजण म्हणतात, तशी ही भरती-ओहोटीची जमीन. तिच्यावरील गवत लाटांचा जोर मोडतें, गाळ धरून ठेवतें. त्यामुळें मागच्या बांधावर भार कमी येतो. या उपसागराच्या कांठचीं बहुतेक खाजणें गेल्या पावणेदोनशें वर्षांत भराव टाकून अथवा मिठागरें करून नाहींशीं झालीं. आतां तीं परत आणण्याचा उद्योग चालला आहे. २००३ साली उपसागराच्या दक्षिण भागांतील १५,१०० एकर मिठागरें सरकारी संस्थांनीं त्यासाठींच संपादन केलीं. २०१६ च्या जूनमध्यें भोंवतालच्या नऊ जिल्ह्यांतील मतदारांनीं दर मिळकतीमागें वर्षाला १२ डॉलर कर वीस वर्षें देण्याचें मान्य केलें. दोन-तृतीयांश मतांची अट होती. त्याहून अधिक पडलीं. टेकडीवर राहणारा, ज्याच्या दारीं समुद्र कधीं यावयाचा नाहीं, तोही किनाऱ्यावरच्याइतकेच १२ डॉलर भरतो.

३१ डिसेंबर २०२२ रोजीं पुन्हां तसाच पाऊस झाला. पोप-चॉसर पूल अद्याप जुनाच होता. त्याच्या आसपास पाणी पुन्हां कांठ ओलांडून घरांत शिरलें. महामार्गाखालच्या नव्या पात्रानें आपला लोंढा उपसागरांत नेऊन पोंचविला. वरच्या लोकांनीं खालच्यांसाठीं चोवीस वर्षें वाट पाहिली, ती अशी. त्यांत भर म्हणजे, त्या पुरानंतर हिशेब तपासला तेव्हां मधल्या पात्रांतून पूर्वीं गृहीत धरलें होतें त्याहून कमी पाणी मावतें असें आढळलें, आणि पुलाच्या आराखड्याचा पुन्हां विचार करणें पांचही भागीदारांना भाग पडलें.

माझी कन्या त्या पुलापासून फार दूर राहत नाहीं. पावसाळी हवेंत तेथील लोक निजण्यापूर्वीं ओढ्याच्या पाण्याची उंची पाहतात, असें ती सांगते.